शंका घेऊनच परत आले

चर्चमध्ये परत आले म्हणजे माझ्या सगळ्या शंका फिटल्या, असा अर्थ कुणी काढू नये. गेले काही महिने मी पुन्हा उपासनेला जाते, प्रार्थना करते, प्रभुभोजन घेते. ओळखीच्या लोकांना मनापासून आनंद झालाय आणि त्या आनंदाची मला कदर आहे. पण त्यातल्या बऱ्याच जणांना माझ्याकडून एक ठरावीक गोष्ट ऐकायची असते: आधी अंधार होता, मग एके दिवशी प्रकाश पडला, आता सगळं लख्ख आहे. माझं तसं झालेलं नाही. आणि हे मोकळेपणानं सांगायला हवं असं मला वाटतं. कारण अशा लख्ख साक्षी ऐकून मागच्या बाकावरचं कुणीतरी 'आपल्यासारख्याला इथं जागा नाही' असं समजून उठून जातं. मीही तशीच गेले होते.

माझ्या शंका सुरू झाल्या त्या बायबलच्या वाचनातून. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयाच्या पहिल्या अध्यायात मरियेचा नवरा योसेफ याच्या वडिलांचं नाव याकोब आहे, लूकच्या तिसऱ्या अध्यायात एली. येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाचा शेवट मत्तय एका तऱ्हेनं सांगतो, प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक दुसऱ्या तऱ्हेनं. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात झाडं आणि प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी. मोठ्यांना विचारलं की 'देवाच्या वचनावर शंका घेऊ नये' एवढंच उत्तर मिळायचं. उत्पत्तीचे सहा दिवस म्हणजे आपले नेहमीचे दिवस नव्हेत असं सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टिनसारखा थोर ख्रिस्ती धर्मपंडितही म्हणत होता, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. विश्वाच्या आरंभाचा सिद्धांत मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा संन्यासी होता, हेही नाही. सांगितलं असतं तर बरीच घुसमट वाचली असती. आता या शंका मला छळत नाहीत. चार शुभवर्तमानं जुळवून एकसारखी करणं सुरुवातीच्या मंडळीला, म्हणजे त्या काळच्या ख्रिस्ती समाजाला, अवघड नव्हतं. तरी तिनं चारही त्यांच्यातल्या फरकांसकट जपली, यात मला प्रामाणिकपणाच दिसतो. आणि वंशावळ जुळत नाही म्हणून कुणी देव सोडत असेल असं मला वाटत नाही. मी तरी त्यासाठी सोडला नव्हता.

मी सोडला तो ताईच्या आजारपणात.

माझी मोठी बहीण बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. मंडळीतले लोक प्रार्थनेला यायचे, आणि त्यातल्या कित्येकांनी आमच्यासाठी खूप केलं, ते मी विसरणार नाही. पण काहीजण प्रार्थना झाली की थांबायचे आणि तिला हळूच विचारायचे, मनात काही पाप राहिलंय का, कुणाला क्षमा करायची राहिलीय का, पूर्ण विश्वासानं मागतेस ना? ताई आधी उत्तरं द्यायची. मग नुसती मान हलवायला लागली. एके दुपारी बाहेर चपलांचा आवाज आला तशी तिनं भिंतीकडे कूस वळवली आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, मी झोपलेय." ती जागीच होती. ते लोक जाईपर्यंत तिचे डोळे उघडे होते.

ती गेली. दफनविधी झाल्यावर एका वडीलधाऱ्या माणसानं माझे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं, "विश्वासात कुठंतरी कमी पडलं असेल, बाळ." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या एका वाक्यानं माझ्यातलं काहीतरी तुटलं. दुखणं सोसणाऱ्या बाईवर तिच्याच मरणाची जबाबदारी टाकणारा देव मला नको होता. आजही नकोय.

त्यानंतर मी बरीच वर्षं बाहेर होते. त्या काळात पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या भूकंपाबद्दल वाचलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाचा दिवस, सकाळची वेळ, चर्च माणसांनी भरलेली. प्रार्थनेसाठी जमलेली माणसं छताखाली चिरडली गेली. त्यानंतर देवाच्या चांगुलपणाबद्दल युरोपभर वाद झडला. माझ्यासारखा प्रश्न पडलेले इतके लोक होऊन गेलेत, हे वाचून मला विचित्र धीर आला होता.

आणखी एक सांगायचंय, कारण चर्चमध्ये याबद्दल फार चुकीचं बोललं जातं. विश्वास सोडला म्हणून मी भरकटले नाही. माझं काम, माझी माणसं, बरं-वाईट ओळखण्याची बुद्धी, सगळं जागेवर होतं. देव न मानणारे अतिशय सज्जन लोक मला भेटले, आणि दुःखात त्यांनी जी साथ दिली तिच्यात एकही अट नव्हती. म्हणून 'देवाशिवाय आयुष्य पोकळ' असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं की मला पटत नाही. माझं आयुष्य पोकळ नव्हतं. फक्त एक बोलणं थांबलं होतं, आणि ते थांबलंय हे मला जाणवत राहायचं. खूप आनंद झाला किंवा खूप भीती वाटली की तोंडातून 'प्रभू' एवढं निघायचं, आणि पुढं वाक्य नसायचं.

परतीचा रस्ता कुणाच्या उपदेशातून सापडला नाही. सापडला तो बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, आणि तेही मी ते भांडायच्या तयारीनं उघडलं होतं तेव्हा. ईयोब हा सज्जन माणूस, त्याचं सगळं हिरावलं जातं. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि एकेकानं त्याला तेच ऐकवलं, जे ताईला ऐकवलं गेलं: तुझं काहीतरी चुकलं असणार. पुढचे कित्येक अध्याय ईयोब देवाला जाब विचारतो, कधी अतिशय कडू शब्दांत. आणि शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य ते बोलला नाहीत, ईयोब बोलला, असं देव त्यांना सांगतो. देवाची बाजू घेणारे चूक ठरतात आणि देवाशी भांडणारा बरोबर. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या वाक्यानं मी चर्चबाहेर पडले, त्या वाक्याला खुद्द पवित्र शास्त्रानं शेकडो वर्षांपूर्वीच नाकारलं होतं, आणि एवढी वर्षं उपासनेला बसूनही मला ते कुणी सांगितलं नव्हतं!

मग बायबलमधली स्तोत्रं वाचायला घेतली. दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. त्यातली बहुतेक शेवटी कुठंतरी आशेकडे वळतात. ८८ वं वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी त्याला दोन सांत्वनाच्या ओळी जोडल्या नाहीत. उपासनेत म्हणायच्या स्तोत्रांमध्ये तसंच ठेवलं. म्हणजे असंही देवासमोर म्हणता येतं. आपल्या मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको खरं तर, आपल्या संतांनी देवाशी उभा दावा मांडलेला आपण ऐकत आलोय. पण आपल्या चर्चमधल्या प्रार्थनांमधून मात्र हा सूर जवळपास गायब झालाय. आपण आभार मानतो, मागतो, स्तुती करतो. तक्रार करत नाही.

त्यानंतर मार्ककृत शुभवर्तमान एका बैठकीत वाचलं. तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं सलग वाचलं की ते वेगळंच लागतं. त्यातला येशू थकतो, रागावतो, अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत घाबरतो. आणि वधस्तंभावर त्याच्या तोंडी एकच वाक्य आहे, बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या 'का'ला तिथं उत्तर येत नाही. मोठ्यानं ओरडून तो प्राण सोडतो.

मी तिथं थांबले ती बराच वेळ. मला माझ्या 'का'चं उत्तर मिळालं नव्हतं, आणि आजही मिळालेलं नाही. ताई का गेली हे मला माहीत नाही. कुणी समजावून सांगू लागलं तर मी ऐकणारही नाही. पण ख्रिस्ती विश्वासाचा गाभाच जर हा असेल, की देव स्वतः त्या प्रश्नाच्या आत येऊन तोच प्रश्न ओरडला, तर तो देव मी सोडलेला देव नव्हता. भिंतीकडे कूस वळवलेल्या ताईच्या बाजूला तो होता, असं मी आज मानते. सिद्ध करू शकत नाही. मानते.

पुनरुत्थानाचं, म्हणजे येशू मरणातून उठला याचं काय, असं मला माझ्या न मानणाऱ्या मित्रांनी विचारलं, आणि ते योग्यच विचारलं. मी माझ्या परीनं तपासलं. आरंभीचा प्रेषित पौल यानं करिंथकरांना पहिलं पत्र लिहिलं ते वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांनी, आणि त्यात तो म्हणतो की हे मला सांगितलं गेलं तेच मी तुम्हाला सांगतोय, आणि पाहणाऱ्यांपैकी बरेच अजून हयात आहेत. रिकाम्या कबरेची बातमी आणणाऱ्या स्त्रिया होत्या, ज्यांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. कुणी गोष्ट रचली असती तर असे साक्षीदार निवडले नसते. ही माझ्यासाठी वजनदार कारणं आहेत, पुरावा नव्हे. काही सकाळी मला ती पुरतात, काही सकाळी पुरत नाहीत.

आणि त्या स्त्रियांवर पहिला अविश्वास कुणी दाखवला? प्रेषितांनी, येशूच्या खास शिष्यांनी. लूक लिहितो की त्यांना ती निव्वळ बडबड वाटली. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात शिष्य डोंगरावर येशूला नमन करतात आणि काहींना शंका वाटते, दोन्ही एकाच वचनात. येशू त्यांची विभागणी करत नाही. नमन करणारे आणि शंका घेणारे, सगळ्यांना एकच काम सोपवतो. योहान बाप्तिस्मा करणारा तुरुंगातून विचारायला पाठवतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्यानं येशूला बाप्तिस्मा दिला त्याचा हा प्रश्न! येशू निरोप देतो, तुम्ही पाहता-ऐकता ते त्याला सांगा. आणि मग लोकांसमोर योहानाची थोरवी गातो.

येशूचा शिष्य थोमा याच्यावर तर आपण फार अन्याय केलाय. नाव निघालं की 'अविश्वासू' हे विशेषण लागलंच. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय नीट वाचा. इतर दहाजण म्हणतात आम्ही प्रभूला पाहिलं, थोमा म्हणतो मी जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही. त्यानंतर आठ दिवस जातात. आणि आठ दिवसांनी थोमा कुठं आहे? त्यांच्याच सोबत, त्याच घरात. तो विश्वास न ठेवता राहिला आणि त्यांनी त्याला राहू दिलं. त्या आठ दिवसांबद्दल एक ओळही लिहिलेली नाही, पण मला वाटतं मंडळीनं काय करायचं असतं ते सगळं त्यात आहे. त्याला बाहेर काढलं असतं तर 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' हे कुणी म्हटलं असतं?

माझं मत एवढंच आहे. शंका घेणाऱ्याला दुरुस्त करायची घाई आपण थांबवावी. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवतच नव्हतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींशी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) विषयावर पत्रांतून कडाडून वाद घातला. पुढं त्यांनीच सांगितलंय की ख्रिस्ती धर्म त्यांना आधी मिळाला, ख्रिस्त भेटला तो कित्येक वर्षांनी. याच बाईंनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. आपल्या चर्चमध्ये या दोघींना एखादा प्रश्न विचारायला जागा मिळाली असती का, हे प्रत्येकानं आपापल्या मंडळीपुरतं तपासावं.

मी परत गेले तेव्हा मागं बसले. गीत कुठलं चाललंय ते मला सापडेना. शेजारच्या वयस्कर मावशींनी आपलं गीतांचं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं, चालू ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतः पाठ असल्यासारखं म्हणत राहिल्या. उपासना संपल्यावर नाव विचारलं, इतके दिवस कुठं होतीस हे नाही विचारलं. त्या पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले याचं बरंचसं श्रेय त्यांना आहे. विश्वासाच्या अंगीकारातल्या (आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणतात, त्यातल्या) काही ओळी मला अजून जड जातात. तेव्हा आजूबाजूचे म्हणतात आणि मी ऐकते. पुढच्या ओळीला पुन्हा त्यांच्यात मिसळते.

ज्यांच्या घरातलं कुणी सध्या चर्चपासून दूर आहे, त्यांना एक विनंती. त्याला वचनांचे फॉरवर्ड पाठवू नका. त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण त्याला ऐकवून नको. काय झालं ते विचारा, आणि तो सांगेल ते मध्येच न तोडता पूर्ण ऐका, ते तुम्हाला कितीही लागलं तरी.

आणि जे दूर आहेत, त्यांना बोलावंसं वाटलं तर मला मेसेज करा. परत यायचं नसेल तरीही करा. मी उत्तरं देणार नाही, ती माझ्याकडे फारशी नाहीतच. ताईबद्दल विचारलंत तर तिच्याबद्दल बोलायला मला आवडेल.