काका, नोटरी केल्याने गाडी नावावरून उतरत नाही

‘गाडी विकताना स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, नोटरी करा, जबाबदारी संपली. आरटीओचं घेणारा बघेल. घरच्याला दिली तर ट्रान्सफरही नको, कायद्यात सूट आहे. विमा गाडीबरोबर आपोआप जातो.’

हा मेसेज कितीदा आला, सोडून दिला. पण काकांनी त्याच्यावर विसंबून मोटरसायकल एका ओळखीच्याला देऊन टाकली आणि वर मलाच तो पाठवला, ‘वाच, उपयोगी पडेल’ म्हणून.

वाचला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 2(30): कर्जावरची गाडी आणि अल्पवयीन मुलाची गाडी सोडली, तर ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. नोटरीचा शिक्का म्हणजे तुम्ही सही केलीत एवढीच साक्ष. आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव त्याने बदलत नाही.

‘एवढं कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांनी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा 6 फेब्रुवारी 2018 चा निकाल बघावा. गाडी 2007 मध्ये विकलेली. पुढे ती या हातातून त्या हातात गेली, आरटीओत नाव मात्र पहिल्याचंच. 2009 मध्ये अपघात, एक जीव गेला, विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची? दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेल्या त्या पहिल्यानेच. गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग अपघातग्रस्तांनी काढत बसायचा नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं.

‘घेणारा बघेल’ हेही खोटं. कलम 50 प्रमाणे विकणाऱ्यानेच 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर 45 दिवसांत. घेणाऱ्याला 30 दिवस. आणि मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ते एजंटच्या हातात देणं म्हणजे कळवणं नव्हे.

घरच्यांना सूट? मुलाला दिली तरी ट्रान्सफर लागतेच. मालक वारला, तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, तीही 30 दिवसांत आरटीओला कळवलं तर. मेसेजवाल्याने बहुधा तेवढंच कुठेतरी अर्धवट ऐकलंय.

विम्याचं निम्मं खरं आहे, मान्य. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा, गाडीबरोबर जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी पॉलिसीवर नाव बदलून घ्यावं लागतं, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची सवलत, विकणाऱ्याचीच.

काका, गाडी देऊन आज पाचवा दिवस आहे. त्या ओळखीच्याचा नंबर पाठवा, आणि आरसी त्याला दिली असेल तर तसंही सांगा.