तेल लावायला नकार का दिला: एक स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला. भावाच्या हळदीच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्या पार्लरमध्ये डोक्याला तेलमालिश करून घ्यायला आलात, आम्ही तेल लावायला नकार दिला, अर्धा तास नुसतं डोकं बघत बसलो, चार बायकांसमोर 'तुमचं डोकं तेलकट आहे' म्हणालो, वर दोनशे रुपये घेतले आणि कोंडा होता तसाच राहिला, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी लिहिलंय, 'महागडं काहीतरी गळ्यात मारायचं असतं म्हणून तेलाला नाही म्हणतात, लुबाडतात.' घरात कार्य असताना तुम्हाला मनस्ताप झाला, चारचौघींत अवघडल्यासारखं झालं, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण तेलाचं मला सांगायलाच हवं, कारण तुमचा अभिप्राय वाचून एका नवरीच्या आईने मला फोन केला, 'तुमच्याकडे खरंच तेल लावत नाहीत का हो?' म्हणून. लग्नसराईचे हे दिवस म्हणजे आमचं वर्षाचं भाडं आणि मदतनीस मुलीचा पगार. त्यात 'लुबाडतात' हा शब्द असा लिहिलेला दिसला की माणूस दुसऱ्या पार्लरचा जिना चढतो.

आमच्याकडे तेलमालिश, वाफ आणि डोकं धुणं मिळून पाचशे रुपये होतात. दर आत शिरताच भिंतीवर लावलेले आहेत. तुम्ही पाचशेचं काम सांगितलंत, मी दोनशेचं केलं. मुकाट्याने तेल लावलं असतं तर तुम्ही खूश होऊन गेला असतात, मला तीनशे रुपये जास्त मिळाले असते आणि हा अभिप्राय आलाच नसता. लुबाडायचं असतं तर तेलाला नाही कशाला म्हटलं असतं?

तुमचा भांग पाडून मी काय पाहिलं ते सांगते. माथ्यावर, कानांच्या मागे आणि कपाळावर जिथून केस सुरू होतात तिथे पिवळसर, चिकट खपल्या होत्या. एक अलगद उचलली तर खाली कातडी गुलाबी. भुवयांमध्ये आणि नाकाच्या कडेलाही थोडं तसंच होतं. तुम्ही म्हणालात, 'कोंडा पडतो म्हणजे डोकं कोरडं पडलंय, तेल जिरवा.' असं म्हणणाऱ्या रोज येतात, तुमचं काही वेगळं नाही. पण कोरड्या डोक्याचा कोंडा रव्यासारखा बारीक आणि पांढरा असतो, झटकला की खांद्यावर पडतो, आणि डोकं धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होते. तुमच्या खपल्या केसाला धरून बसल्या होत्या. आदल्या दिवशी डोकं धुतल्याचं तुम्हीच सांगितलंत, तेल लावलं नाही म्हणालात, म्हणून मी टिश्यू कागद माथ्यावर आणि कानामागे दाबून तुम्हाला दाखवला. दोन्ही ठिकाणी त्यावर तेलाचे डाग उमटले होते. एका दिवसात डोकं स्वतःहून एवढं तेल सोडत असेल तर त्याला वरून तेलाची गरज नाही, हे मी तिथे बोलले होते. तुम्ही तेवढं 'तेलकट' लक्षात ठेवलंत, बाकीचं सोडलंत.

कारणही सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मॅलासेझिया नावाची एक बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर राहते, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. घाण राहिल्याने होते असं अजिबात नाही, त्यामुळे यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. ती जगते कातडीतून सुटणाऱ्या तेलावर. ते तेल फोडताना जी आम्लं तयार होतात ती काहींच्या कातडीला सोसत नाहीत. मग खाज सुटते, लाली येते, कातडीच्या पेशी भराभर सुटतात आणि त्यांच्या खपल्या होतात. आपण वरून आणखी तेल ओततो तेव्हा त्या बुरशीला आयतं जेवण मिळतं. तेल लावल्या रात्री बरं वाटतं, कारण खपल्या ओल्या होऊन चिकटून बसतात आणि दिसत नाहीत. दोन दिवसांनी खाज दुप्पट. तुम्हाला ती नेमकी ऐन कार्यात सुटली असती, आणि मग एक स्टारसुद्धा मिळाला नसता मला.

तेल नको म्हटलं की आपल्याकडे माणूस दुखावतो, हे मला कळतं. आई-आजीने पाटावर बसवून चोळलेलं तेल आहे ते, त्याला कुणी वाईट म्हटलेलं सहन होत नाही. मी तेलाला वाईट म्हटलंच नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं कमी करतं, केसाच्या लांबीला ते चांगलंच. म्हणून मी म्हटलं होतं की तुमच्या केसांची टोकं कोरडी आहेत, तिथे बोटभर खोबरेल लावून देते, मुळांना नको. ते तुम्ही लिहिलं नाही. तुम्हीच 'राहू द्या मग' म्हणालात.

ज्यांचं डोकं खरंच कोरडं आहे त्यांना मी स्वतः कोमट तेल लावून देते, विचारा कुणालाही. आणि ज्यांच्या डोक्याची नुसत्या शॅम्पूनेही आग होते, त्यांना मी तेल, वाफ, रंग काहीच घाईने करत नाही. काळ्या मेंदीच्या नावाने मिळणाऱ्या कित्येक पुड्यांत पीपीडी हे रसायन असतं, त्याने डोकं सुजून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रंगाआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास थांबायला सांगते, त्यावरूनही लोक चिडतात. जाड, चंदेरी खपल्या केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरलेल्या दिसल्या तर मी हातच लावत नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते, कारण ते सोरायसिस असू शकतं आणि ते पार्लरचं काम नाही.

तुम्हालाही मी तेच सांगितलं, एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. किटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध असलेला शॅम्पू मेडिकलमध्ये मिळतो, डॉक्टर सांगतील तसा वापरा, लावून तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा असतो, लगेच धुवून टाकायचा नसतो. हा शॅम्पू माझ्या दुकानात विकायलाच नाही. मग गळ्यात काय मारलं मी? आणि कोंडा दुसऱ्या दिवशी 'तसाच' असणारच, ताई. औषध नीट वापरलं तरी दोन ते चार आठवडे लागतात, थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. एका धुण्यात जाईल असं मी कबूल केलं नव्हतं.

दोनशे रुपये डोकं धुण्याचे होते, बघण्याचे नव्हते. बघण्याचे मी कधीच घेत नाही. लातुरात पाण्याचं काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे आपलं. बोअरचं जड पाणी मी डोक्याला वापरत नाही. त्यात साबण नीट निघत नाही, क्षार आणि साबण मिळून पांढरा थर बसतो आणि बायकांना तो कोंडा वाटतो. धुण्यासाठी मी पाणी विकत घेते आणि तुमचं डोकं दोनदा धुतलं.

अर्ध्या तासाबद्दल एवढंच, की त्यात मंडपवाल्याचे, फुलवाल्याचे फोन येत होते आणि प्रत्येक फोनला मी हात थांबवून उभी होते. घरचं कार्य, फोन येणारच, माझी तक्रार नाही. पण तो वेळ माझ्या नावावर लावू नका.

डोकं बघायच्या खुर्चीशी पडदा लावून घेणार आहे, आणि आधीच फोनवर चार गोष्टी विचारून घ्यायचंही मनात आहे, म्हणजे इथे आल्यावर वेळ जाणार नाही. सीझन आटोपला की बघते ते.

स्टार वाढवा असं मी म्हणत नाही, तुमचा अनुभव तुमचा. 'लुबाडतात' एवढा एक शब्द मात्र काढाल तर उपकार होतील. आणि डॉक्टरांचं औषध सुरू केल्यावर कधीही या, दुपारी दोन ते चार गर्दी नसते. आदल्या दिवशी डोकं धुऊन, तेल न लावता या. कोंडा कितपत हटला ते बघून देते, त्याचे पैसे लागत नाहीत.