वार पाठ करणे आणि वार ओळखणे : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेममधील बलाढ्य शत्रूचे वार कसे शिकावेत, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की, शत्रू कोणता वार केव्हा करतो हे लक्षात ठेवणे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी आहे, आणि लातूरसारख्या शहरात, जिथे ‘पॅटर्न’ या शब्दाने मुलांच्या रात्री व्यापल्या आहेत, तिथे खेळातही तेच शिकवू नये. दुसरा असा की, चाळीस वेळा हरूनही पुन्हा तेच करण्याला मी संयम म्हणतो, पण तो केवळ हट्ट आहे. आपण पोटतिडकीने लिहिले आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पहिला आक्षेप काही जुन्या खेळांना नक्कीच लागू होतो. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये खेळाडूने तंतोतंत त्याच चाली केल्या, तर भुतेही तशीच फिरत असत, म्हणून त्या काळचे तरबेज खेळाडू संपूर्ण मार्गच पाठ करून येत. त्याला आपण घोकंपट्टी म्हटलेत, तर माझी हरकत नाही. मी लिहिले होते ते मात्र ‘हॉलो नाइट’ या २०१७ सालच्या खेळातील मँटिस लॉर्ड्स या तीन कीटक-योद्ध्यांबद्दल, आणि तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. त्यांचे मुख्य वार तीनच आहेत : जमिनीलगत भाला रोखून धावणे, वरून सरळ खाली झेपावणे आणि भिंतीला चिकटून वळणारे अस्त्र फेकणे. पण यांपैकी कोणता वार आधी आणि कोणता नंतर येईल, याचा क्रम ठरलेला नसतो. ठरलेली असते ती प्रत्येक वारापूर्वीची क्षणभराची अंगाची ठेवण, आणि शिकायची असते ती हीच ठेवण. पहिली पडली की उरलेल्या दोघी एकदम चालून येतात आणि एकाच वेळी दोन चाहुली वाचाव्या लागतात. पाठ केलेल्या उत्तराचा तिथे काय उपयोग होणार?

अनपेक्षित दृश्य पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रे, दाखवणाऱ्या खेळात तेवढ्या वेळात १५ फ्रेम निघून जातात. म्हणजे शस्त्र हलल्यावर ते चुकवू म्हटले, तर बहुधा उशीर झालेला असतो. डोळ्याने त्याआधीची खूणच पकडावी लागते.

आमच्या आजोबांकडे औसा तालुक्यातील शेतावर एक मारका देवणी बैल होता. तो कुणाला केव्हा ढुसणी देईल याचे वेळापत्रक आजोबांजवळ नव्हते, पण त्याने मान खाली घालून डोळा तिरका केला आणि पुढच्या पायाने माती उकरली, की ते दावे सोडून बाजूला होत. वर्षानुवर्षे त्याच्याजवळ वावरल्याने आलेल्या त्या जाणिवेला आपण घोकंपट्टी म्हणणार नाही, असे मला वाटते.

घोकणाऱ्याला पकडण्याची सोय तर २०२२ सालच्या ‘एल्डन रिंग’मध्ये मुद्दाम केलेली आहे. त्यातील मार्गिट हा किल्ल्याची वाट अडवणारा शत्रू काठी उगारतो आणि ती हवेतच रोखून धरतो. ठेका पाठ करून आलेला खेळाडू ठरल्या क्षणी लोळण घेतो, आणि काठी त्यानंतर खाली येते. त्या दारात मी कितीतरी संध्याकाळी अडकलो होतो. काठी वर जाण्याऐवजी ती खाली येऊ लागण्याकडे पाहायचे असते, हे उमगल्यावरच मी पुढे जाऊ शकलो.

आता हट्टाबद्दल. चाळीस वेळा हरणे आणि एकच चूक चाळीस वेळा करणे यांत फरक आहे, आणि तो मी लेखात पुरेसा स्पष्ट केला नव्हता. तेवढा दोष माझा आहे. मँटिस लॉर्ड्सशी लढताना मी सुरुवातीचे दहा-बारा डाव एकही वार न करता केवळ चुकवण्यात घालवले. प्रत्येक डावानंतर कोणत्या वाराने मेलो, एवढेच वहीत लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी वहीत जवळजवळ सगळीकडे ‘भिंतीवरून’ एवढाच शब्द दिसू लागला, म्हणजे उरलेले दोन वार मला कळले होते, जरी पडद्यावर मी हरतच होतो. चिडचिड होते ती बहुतेक वेळा ही प्रगती डोळ्यांना दिसत नाही म्हणून, आणि वहीमुळे मला ती दिसली. संयम मी म्हणतो तो हा आहे. दात-ओठ खाऊन बसून राहण्याला मीही संयम म्हणत नाही.

आपले एक म्हणणे मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. रागाच्या भरात बोट चाहुलीआधीच बटण दाबते, आणि मग तो डाव काहीच शिकवत नाही. मे महिन्यात एका रात्री ऐन लढाईत वीज गेली, तेव्हा मी फार वैतागलो होतो. पण सकाळी बसलो तो दुसऱ्याच डावात मँटिस लॉर्ड्सपैकी त्या उरलेल्या दोघींसमोर पोहोचलो. झोप झालेली होती आणि हात शांत होता, एवढेच त्याचे कारण. असे असताना लेखाच्या शेवटी ‘जिंकेपर्यंत जागचे उठू नका’ असे जे मी लिहिले होते, ते चुकीचेच होते. ते वाक्य आज काढले असून, त्याजागी ‘एकाच वाराने लागोपाठ तीनदा मेलात आणि का मेलात हे सांगता आले नाही, तर त्या दिवसापुरते थांबा’ असे लिहिले आहे.