नावानिशी बग मोजून प्रोसेस सुधारत नाही

माझी मावसबहीण हिंजवडीतल्या एका कंपनीत डेव्हलपर आहे. तिच्या टीम लीडने ग्रुपवर ‘सॉफ्टवेअर कंपनी सुधारण्याची पाच सूत्रं’ नावाचा फॉरवर्ड टाकला आणि पुढच्याच सोमवारी टीमच्या शीटमध्ये नवा रकाना उगवला: कोणाच्या नावावर किती बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका). “ताई, यात आयबीएम आहे, नासा आहे, डेमिंग आहेत. म्हणजे खरंच असेल ना?”

फॉरवर्ड म्हणतो ते असं. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वापरात गेल्यावर, सापडलेला बग सुरुवातीलाच सापडलेल्यापेक्षा शंभरपट महाग पडतो, हे आयबीएमने सिद्ध केलंय. लेव्हल 5 (कामाची पद्धत किती पक्की हे ठरवणाऱ्या सीएमएम मोजपट्टीची सर्वात वरची पायरी) कंपनीत बग होतच नाहीत, नासा बघा. मोजता येत नाही ते सुधारता येत नाही असं गुणवत्ता व्यवस्थापनाचे गुरू डेमिंग म्हणाले, म्हणून प्रत्येकाचे बग मोजा आणि अप्रेझलला जोडा. जगात लेव्हल 5 म्हणजे भारतच. आणि अजाइल (छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) आल्यावर कागदपत्रं कशाला?

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण नुकसान तिथे आहे.

डेमिंग असं म्हणाले नव्हते. जे मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही, असं समजणं चूक आहे आणि हा भ्रम महागात पडतो, असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांत कामाच्या जागेवरून भीती घालवा, हा एक मुद्दा आहे. माणसांना दरवर्षी गुण देण्याच्या पद्धतीला तर ते व्यवस्थापनाचा रोग म्हणायचे. अशा माणसाचं नाव अप्रेझलच्या रकान्यावर चिकटवायचं म्हणजे कमाल आहे!

बरं, मोजायचं ठरवलं तरी बग नक्की कोणाचा? गिट ब्लेम ही कोडमधल्या बदलांची नोंद दाखवणारी कमांड सांगते की ती ओळ शेवटची कोणी बदलली. नुसतं इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, नीट करणाऱ्याचंही नाव तिथे येतं. दहा वर्षं जुनं, कोणी हात लावायला धजत नाही असं बिलिंगचं मोड्यूल जो अंगावर घेतो, त्याच्या नावावर सगळ्यात जास्त बग. नवा, साधा स्क्रीन करणारा मात्र स्वच्छ. टेस्टिंगमध्ये इतकी वर्षं काढल्यावर पुढचं मला तोंडपाठ आहे. जिरा म्हणजे बगची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर; डेव्हलपर म्हणतो, “जिरात टाकू नकोस ना, चॅटवर सांग, लगेच करून देतो.” मग प्रत्येक बगवर घासाघीस सुरू होते: हा बग नाही, रिक्वायरमेंटच बदलली, हा डुप्लिकेट, याची सिव्हिअ‍ॅरिटी म्हणजे गंभीरपणा कमी कर. महिन्याभरात शीटमधले आकडे उतरतात, लीड खूश. बग आहेत तिथेच असतात, फक्त आता त्यांची नोंद नसते.

नाइट कॅपिटल घ्या. 1 ऑगस्ट 2012, अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर जुना, वापरातून गेलेला कोड तसाच राहिला आणि बाजार उघडल्यावर तो जागा झाला. पाऊण तासात चुकीच्या ऑर्डरींचा पूर आला आणि 44 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. हा बग शीटमध्ये कोणाच्या नावावर लिहायचा? सर्व्हर विसरणाऱ्याच्या? जुना कोड काढून न टाकणाऱ्याच्या? अमेरिकी नियामक एसईसीच्या आदेशात नोंद आहे, की डिप्लॉयमेंट (कोड सर्व्हरवर चढवण्याचं काम) दुसऱ्या माणसाने तपासलं नाही आणि तसं तपासलंच पाहिजे अशी लेखी पद्धतही कंपनीत नव्हती. बाजार उघडायच्या आधी सिस्टीमने आपणहून 97 ईमेल पाठवले होते. त्यांची दखल कोणी घेतली नाही, कारण ते इशारे म्हणून बघायचे असतात असं ठरलेलंच नव्हतं. यात प्रोसेस सुधारायला भरपूर वाव आहे. नावाच्या रकान्यातून त्यातलं काहीही दिसलं नसतं.

आता शंभरपट. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या मिथकांवर लिहिणाऱ्या लॉरां बोसावी यांनी या आकड्याचा माग काढला. ‘आयबीएम सिस्टिम्स सायन्सेस इन्स्टिट्यूट’चा अभ्यास म्हणून जे फिरतं, त्याचा धागा एका पाठ्यपुस्तकातून 1981 च्या प्रशिक्षणवर्गाच्या नोट्सपर्यंत जातो. त्यापुढे मूळ आकडेवारी नाही. प्रत्यक्ष तपासलं ते संशोधक टिम मेन्झीज आणि सहकाऱ्यांनी: 2006 ते 2014 मधले 171 प्रकल्प. दोष जितका उशिरा सापडेल तितका तो दुरुस्त करायला वेळ वाढत जातो का, तर तसा पुरावा त्यांना मिळाला नाही. गंमत म्हणजे हे सगळे प्रकल्प टीम सॉफ्टवेअर प्रोसेस नावाच्या शिस्तबद्ध पद्धतीने चाललेले. ती पद्धत सीएमएममागच्या वॉट्स हम्फ्री यांचीच. आणि स्वतःचे बग स्वतः मोजा असं शिकवणाऱ्या हम्फ्रींचाही आग्रह होता, की ते आकडे त्या माणसाचे, साहेबाचे नाहीत.

थोडं मान्य करते, नाइलाजाने. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोहम यांना मोठ्या प्रकल्पांत शंभरच्या आसपासचं गुणोत्तर दिसलं होतं. पण 2001 मध्ये संशोधक व्हिक्टर बासिली यांच्याबरोबर लिहिताना त्यांनीच सांगितलं, की लहान, जोखीम नसलेल्या सिस्टीममध्ये ते पाचपटीच्या जवळ असतं. आणि दुरुस्तीचा वेळ वेगळा, गिऱ्हाइकाचं नुकसान वेगळं; नाइट कॅपिटलचं नुकसान कोणत्याच पटीत बसत नाही.

नासाचं अर्धं खरं आहे. स्पेस शटलचं सॉफ्टवेअर लिहिणारा गट लेव्हल 5 होता, आणि 4 लाख 20 हजार ओळींच्या आवृत्तीत एखादाच दोष, अशी त्यांची ख्याती होती. एखादाच, शून्य नाही. शिवाय तिथे बग सापडला की माणसाला न धरता प्रोसेसला धरायचे: हा तपासणीतून निसटला कसा, आणि तिथूनच आणखी काय निसटलं असेल?

लेव्हल 5 मध्ये एकेकाळी भारतीय कंपन्या सगळ्यात पुढे होत्या, हे खरं. पण लेव्हल मिळते ती तपासलेल्या युनिटला, अख्ख्या कंपनीला नाही, आणि तीही तीन वर्षांपुरती. अजाइलच्या जाहीरनाम्यात कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलंय. कागदपत्रं फेकून द्या असं त्यात कुठेही नाही.

बहिणीला सांगितलं, शीट राहू दे, रकाने बदलायला सांग. बग कोणत्या टप्प्यावर शिरला, कुठे सापडायला हवा होता, तिथे का सापडला नाही, आणि त्यासाठी आपण काय बदललं. लीड विचारेल, मग नाव कुठे लिहायचं? शेवटच्या रकान्यात लिही म्हणावं, तो बदल करणार कोण ते.