‘सहा महिन्यांत सवय होते’ म्हणणाऱ्या वाचकास

परदेशातलं घर आवरून कायमचं परत येण्यावर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी ती थोडक्यात सांगते. लेख लांबलाय. सामान पाठवण्याची माहिती भाड्याच्या घरात राहिलेल्यांच्या कामाची नाही. मुलांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘स्वतःच्याच घरी परत यायचं, त्यात एवढा गळा काढण्यासारखं काय आहे? सहा महिन्यांत सगळ्यांनाच सवय होते.’

लांबीचं मान्य. खोक्यांना क्रमांक घालण्यावरचा परिच्छेद निम्म्यावर आणता आला असता. पण ते शेवटचं वाक्य मला सोडून देता येत नाही.

मतभेदाचं मला वावडं नाही. माझं म्हणणं खोडून काढणाऱ्या कितीतरी प्रतिक्रिया इथे जशाच्या तशा आहेत, ज्याला हवं त्याने बघाव्यात. पण ‘गळा काढला’ हा मतभेद नव्हे. समोरच्याने काय सोसलं ते ऐकून घ्यायच्या आतच निकाल देऊन मोकळं व्हायचं, ही रीत माझ्या चांगली ओळखीची आहे. परत आल्यावर नात्यागोत्यातूनही हेच ऐकलं. ‘आलीस ना आता घरी, मग झालं तर!’ ती माणसं निदान मायेने बोलत होती. तुम्ही मला ओळखत नाही, तरी माझ्या दुःखाचं मोजमाप काढून बसलात, आणि तेही नाव न देता.

बरं, हा सहा महिन्यांचा आकडा आला कुठून? १९५५ साली स्वेर लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे ६ ते १८ महिने राहिलेली मंडळी ६ महिन्यांच्या आत परतलेल्यांपेक्षा कमी रुळलेली निघाली. म्हणजे तुमच्या हिशेबाने जिथे सगळं सुरळीत व्हायला हवं, तिथेच त्यांना जड जात होतं. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी हीच मांडणी पुढे नेली. मायदेशी आल्यावर माणूस पुन्हा एकदा तसाच खाली जातो आणि सावरतो, असं त्यांचं म्हणणं. या चढ-उतारांच्या मांडणीवर नंतरच्या संशोधकांनी पुष्कळ शंका घेतल्या, कारण प्रत्येकाची वाट त्याच वळणांनी जात नाही. ते मला पटतं. पण मग तुमचं ‘सगळ्यांनाच’ कुठे उरतं?

आणि हा नुसता सवयीचा प्रश्न नाहीच. समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ स्वतः व्हिएन्ना सोडून अमेरिकेत स्थिरावलेले. घरी परतणाऱ्या माणसावर त्यांनी १९४५ साली निबंध लिहिला, तेव्हा युद्धावरून परतणारे सैनिक त्यांच्या डोळ्यांपुढे होते. परक्या ठिकाणी जाणाऱ्याला सगळं अनोळखी असणार हे माहीत असतं. परतणाऱ्याची समजूत असते की आपल्याला इथलं सगळं ठाऊकच आहे, नुसतं आठवायचं. आणि मागे राहिलेल्यांनाही वाटत असतं की गेला तोच माणूस आलाय. दोघांचंही चुकलेलं असतं, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगता येत नाही.

मी हे सोसलंय म्हणून लिहिते. तिथल्या घरात एकदा मध्यरात्री नळाची जोडणी सुटली, स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं. जिन्याखालचा मुख्य कॉक मीच शोधला. तो गंजून बसला होता, फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवला तेव्हा कुठे पाणी थांबलं. सकाळी प्लंबर येईपर्यंत काय करायचं आणि काय नाही, हे मला विचारायला दुसरं कुणी नव्हतं. परत आल्यावर इथे मोरीतला पाइप गळायला लागला. मी उठले, तर भाऊ म्हणाला, ‘ताई, तू राहू दे, तुला इथलं नाही कळायचं.’ त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. पण मी खाली बसले ती बराच वेळ उठलेच नाही. मी गेले तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं, आणि घरातल्यांना तीच मी आठवत होते. मधल्या वर्षांत मी जी झाले, ती यांच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती. याची सवय करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते तुम्ही सांगा. खरंच सांगा, मी वाचेन.

सामानाच्या माहितीबद्दल एवढंच: घर स्वतःचं की भाड्याचं, याने विजेच्या उपकरणांना फरक पडत नाही. मी आणलेलं उशाजवळचं घड्याळ ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांच्या, विजेवर चालायचं, इथे वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळलं, पण ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही, आणि ते घड्याळ तर विजेची आवर्तनंच मोजायचं. तासाला १० मिनिटं मागे. ‘व्होल्टेज बघून थांबू नका, वारंवारताही बघा’ असं लेखात स्पष्ट लिहिलंय. तो भाग तुम्ही वाचला नसावा.

मुलांबद्दल लिहिलं नाही ते मुद्दाम. ती आता हे वाचण्याच्या वयाची आहेत, आणि त्यांच्याविषयी इथे काय यावं हे त्यांनी ठरवायचं. त्याबद्दल मला पुन्हा विचारू नये.