डोळ्यातलं तेल डॉक्टर "विसरले" म्हणे!

आमच्या यवतमाळ-वाशिमकडच्या ग्रुपवर एक मेसेज लय फिरून राहिला. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनमध्ये डॉक्टर डोळ्यात तेल विसरतात, ते मेंदूत चढते, परत बोलावतात ते पैसे उकळायले, त्यापेक्षा मध टाका तेल आपोआप निघते, आणि गॅस भरलेले तर बिनधास्त फिरा. मी डोळ्याच्या शिबिरात काम करतो, म्हणून लिहितो.

विसरत नाहीत हो. पडदा सुटला की आतला जेलीसारखा भाग काढतात आणि पडदा चिकटेपर्यंत त्याले आतून आधार पाहिजे म्हणून सिलिकॉन ऑइल नाहीतर गॅस मुद्दाम भरतात. गॅस आपोआप विरतो, तेल विरत नाही, म्हणून साधारण ३ ते ६ महिन्यांनी काढायले बोलावतात. काही डोळ्यांत पडदा परत सुटायची भीती असते तिथं जास्त दिवसही ठेवतात. खर्चाचं म्हणाल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले विचारा, सरकारी आरोग्य योजनेत बसते का ते तोच सांगेल.

खरंच चुकून राहू शकते ते वेगळंच लिक्विड आहे, परफ्लुरोकार्बन, आणि मेसेजवाल्याले त्याचा पत्ताच नाही. हे पाण्याच्या पावणेदोन-दोनपट जड, ऑपरेशन चालू असताना पडदा खाली दाबून सपाट करायले वापरतात नि शेवटी काढून घेतात, पण एखादा थेंब राहतो कधीकधी. जड असल्यानं तो डोळ्यात तळाशी बसतो, पण पडद्यावर चित्र उलटं पडते म्हणून पेशंटले गोल ठिपका वरच्या बाजूले दिसते आणि उताणं झोपलं की मधोमध येते. सिलिकॉनचा थेंब हलका, तो वर तरंगते, म्हणून दिसते खालच्या बाजूले. एवढं सांगितलं तरी डॉक्टरले अर्धा अंदाज येते. बारीक थेंब त्रास देत नसला तर नुसतं लक्ष ठेवतात, पण पडद्याच्या खाली, ऐन मधोमध अडकला तर नजर जाऊ शकते, काढावाच लागते. २०१५ मध्ये स्पेनमध्ये याच प्रकारच्या लिक्विडच्या खराब बॅचमुळे लोकांची नजर गेली होती, पण तो दोष मालाचा होता, थेंब राहिल्याचा नाही.

मेंदूचं म्हणाल तर तेल डोळ्याच्या नसेतून तिकडं गेल्याच्या केसेस आहेत, पण फारच क्वचित. भ्या त्या दुसऱ्या गोष्टीले, "कापूस वेचून झाला की जाऊ, मग तूर निघाली की जाऊ" करत वर्ष काढतात नि तोवर तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, प्रेशर वाढते, काचबिंदू होते, मोतीबिंदू तर होतेच बहुतेकाले, बुबुळही पांढरं पडू शकते.

मध? तेल बाहुलीच्या मागं, बंद डोळ्याच्या आत आहे बाप्पा, वरून टाकलेलं मध तिथं पोचणार कसं? उलट ताज्या टाक्यात इन्फेक्शन.

आणि गॅसवाल्यांनो, बिनधास्त फिरू नका. डोळ्यात भरायचे गॅस दोन, एसएफसिक्स २ आठवड्यांच्या आसपास राहते, सीथ्रीएफएट दीड-दोन महिने, तोवर विमान बंद आणि चिखलदराही बंद, १,१०० मीटरवर हवेचा दाब कमी, आतला बुडबुडा फुगते नि डोळ्याचं प्रेशर चढते. दुसरं कोणतं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरले आधी सांगा डोळ्यात गॅस आहे म्हणून, नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या गॅसनंही बुडबुडा तसाच फुगते.