नावावर नको, बैठक क्रमांकावर शोधा

बेळगावच्या जुन्या कला महाविद्यालयांनी माजी विद्यार्थी-प्राध्यापकांची सूची करावी, अशी सूचना एका लेखात वाचली; ती पटली. पण नुसत्या नावावर शोधाल तर घोळ होणार. प्रवेश रजिस्टरात ‘पाटील सुनंदा बाळाप्पा’, गुणपत्रिकेवर ‘एस. बी. पाटील’ आणि लग्नानंतर आडनाव भलतंच! तीन ओळी, बाई एकच. म्हणून नोंद परीक्षेचा बैठक क्रमांक आणि परीक्षेचं वर्ष यांवर बांधा.

विद्यापीठाचा रकानाही हवाच. बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३चं, त्यामुळे सुरुवातीच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या, पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ तर २०१०चं. पत्त्यात बेळगावचं राज्यही काळानुसार बदलतं: मुंबई, म्हैसूर, कर्नाटक. ते ‘दुरुस्त’ करू नका. प्राध्यापकांची रुजू तारीख सेवापुस्तकातूनच घ्या, गौरव अंकातून नको.